कोब्याला रंग किती लागेल?



आज आपण एका साध्या प्रश्नावर बोलू. गावातल्या वाचनालयाची खोली आहे. खाली सिमेंटचा कोबा आहे. त्याला रंग द्यायचा आहे. तर रंग किती आणावा?

प्रश्न लहान दिसतो. पण यातच पैसा वाचतो, आणि यातच पैसा बुडतो. रंग कमी आणला तर काम अर्ध्यावर थांबते. जास्त आणला तर उरलेला डबा कोपऱ्यात पडून सुकतो. दोन्हीकडून नुकसान गावाचेच.

हा हिशेब करायला मोठे शिक्षण लागत नाही. आकडे वाचता आले, गुणाकार आणि भागाकार करता आला, की झाले. तुम्ही एवढे शिकला आहात. तेव्हा हा हिशेब आता तुमच्याच हातचा आहे.

अंदाज आपल्या घरातच आहे

आपल्या वऱ्हाडात सारवण कोणाला ठाऊक नाही? घरची बाई ओसरी सारवायला बसते. ती आधी काय करते? ओसरीकडे एकदा पाहते. मग शेण घेते, माती घेते, पाणी घालून कालवते. सारवण संपते तेव्हा घमेल्यात फारसे उरत नाही. मध्येच कमीही पडत नाही.

तिला विचारा, "आजी, एवढंच शेण काऊन घेतलं?" ती सांगेल, "बाप्पा, आधी आंगन पाहा लागते, मंग शेन कालवा लागते."

सगळे शास्त्र या एका बोलण्यात आले. आधी जागा पाहायची, मग माल घ्यायचा.

आणखी एक गोष्ट ती जाणते. जमीन उखडलेली असेल तर सारवण जास्त लागते. आधीची जमीन गुळगुळीत असेल तर कमी लागते. म्हणजे जागा किती मोठी हे तर पाहायचेच, पण जागा कशी आहे हेही पाहायचे.

रंगाचेही असेच आहे. फरक एवढाच, की शेण घरचे असते आणि रंग पैसे मोजून आणावा लागतो. सारवण थोडे कमी पडले तर आणखी कालवता येते. रंगाचा डबा कमी पडला तर अकोल्याची नाहीतर अमरावतीची बस धरावी लागते. म्हणून रंगाच्या बाबतीत नुसता नजरेचा अंदाज पुरत नाही. मोजमाप पाहिजे.

हिशेब नसला की संशय येतो

गावोगावी असे घडते. लोक वर्गणी काढतात. रंगारी म्हणतो, "बारा लिटर लागन." चिटणीस म्हणतो, "छे, एवढं कायले? आठ पुरे." आठ लिटर येते. तिसऱ्या प्रहरी डबा रिकामा होतो. दाराकडची जागा तशीच राहते. माणूस पुन्हा बाजारात जातो. बसभाडे जाते. एक दिवसाची मजुरी बुडते. रंगाऱ्याचा दिवस फुकट जातो, त्याचे पैसे वेगळे.

नवा डबा येतो. नाव तेच, रंग तोच. पण लावल्यावर छटा थोडी वेगळी दिसते. खोलीत शिरताच ठिगळ नजरेत भरते.

मग पारावर बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, रंगाऱ्याने रंग घरी नेला. कोणी म्हणतो, चिटणिसाने पैसे खाल्ले. खरे पाहिले तर कोणीच काही खाल्लेले नसते. रंगारी अंदाजाने बोलला, चिटणीस काटकसरीने बोलला. टेप मात्र कोणीच लावला नाही.

मंडळी, पैसे थोडे गेले तर पुन्हा जमा होतात. पण एकदा विश्वास गेला की पुढच्या कामाला कोणी वर्गणी देत नाही. शाळेची भिंत राहते, विहिरीचा कठडा राहतो. म्हणून आम्ही म्हणतो, रंगाचा हिशेब हा नुसता रंगाचा नाही. तो गावाच्या एकोप्याचा आहे.

आधी जागा मोजा

आता कामाला लागू. एक टेप घ्या. एक वही घ्या. दोन माणसे पाहिजेत. एकाने टेप धरावा, दुसऱ्याने वाचावा आणि लिहावे.

समजा, वाचनालयाची खोली २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे. लांबीला रुंदीने गुणा.

२० × १५ = ३००

म्हणजे खोलीची जमीन ३०० चौरस फूट झाली. आपले गवंडी १०० चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. त्यांच्या भाषेत ही जमीन ३ ब्रास.

खोली सरळ चौकोनी नसेल तर घाबरू नये. तिचे दोन चौकोन पाडावेत. खडूने मध्ये रेघ मारावी. प्रत्येक चौकोन वेगळा मोजावा आणि शेवटी बेरीज करावी. शेताचा वाकडा तुकडा मोजताना आपण असेच करतो, नाही का?

आता दोन जागा अशा आहेत, ज्या लोक हमखास विसरतात.

पहिली जागा भिंतीच्या पायाशी असते. जमिनीचा रंग भिंतीवरही थोडा वर चढवतात. झाडताना, पुसताना भिंत खराब होऊ नये म्हणून हा पट्टा असतो. समजा, पट्टा ६ इंच उंच आहे. खोलीच्या चारही भिंतींची लांबी मोजा.

२० + १५ + २० + १५ = ७०

दार ४ फूट रुंद आहे. तेथे पट्टा नाही. म्हणून ७० मधून ४ वजा करा. राहिले ६६ फूट.

येथे एक सावधगिरी पाहिजे. उंची ६ इंच आहे. फुटाला इंचाने गुणू नये. १२ इंचांचा १ फूट, म्हणून ६ इंच म्हणजे अर्धा फूट. ६६ चे अर्धे ३३. पट्टा ३३ चौरस फूट झाला.

दुसरी विसरण्याची जागा म्हणजे पायऱ्या. दारापुढे तीन पायऱ्या आहेत असे धरू. प्रत्येक पायरी ४ फूट लांब आहे. पाय ठेवायची जागा १ फूट आहे. समोरची उभी बाजू अर्धा फूट आहे. रंग दोन्हीला लागतो. आडवी बाजू ४ चौरस फूट, उभी बाजू २ चौरस फूट. एका पायरीचे ६ झाले. तीन पायऱ्यांचे १८.

आता सगळे एकत्र करा.

जमीन ३००
पट्टा ३३
पायऱ्या १८
एकूण ३५१ चौरस फूट

पाहा, पट्टा आणि पायऱ्या मिळून ५१ चौरस फूट निघाले. म्हणजे अर्धा ब्रास. हाच अर्धा ब्रास मोजायचा राहतो आणि शेवटी रंग दाराशी कमी पडतो.

फूट आणि मीटर

आपण घर फुटांनी मोजतो. रंग लिटरने मिळतो. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हापासून दुकानात शेर जाऊन किलो आला, लिटर आला. घराच्या मापात मात्र फूट अजून टिकून आहे.

रंगाच्या डब्यावर पुष्कळदा चौरस मीटर लिहिलेले असतात. तेव्हा फुटाचे मीटर करता आले पाहिजेत. एवढे एकच ध्यानात ठेवा:

१०० चौरस फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर.

म्हणजे एका ब्रासचे ९.३. तीन ब्रासचे २७.९. अर्ध्या ब्रासचे सुमारे ४.६. आपली जागा साडेतीन ब्रास आहे. बेरीज ३२.५ झाली. वरचा पुरता आकडा धरू, ३३ चौरस मीटर.

टेपवर एका काठाला इंच आणि दुसऱ्या काठाला सेंटिमीटर असतात. ज्याला मीटरची सवय झाली त्याने सरळ मीटरनेच मोजावे. मग हा बदल करावा लागत नाही.

डब्यावर काय लिहिले आहे?

दुकानात गेल्यावर डबा हातात घ्या. डब्यावरचे वाचा. वाचायला शिकलो ते याचसाठी. अक्षर बारीक असेल किंवा इंग्रजी असेल तर दुकानदाराला विचारा, "भाऊ, एका लिटरमध्ये किती जागा होते? डब्यावर कुठं लिहिलं आहे ते दाखवा."

बहुतेक डब्यांवर एका लिटरमध्ये किती जागा रंगते ते दिलेले असते. समजा, आपल्या डब्यावर १० चौरस मीटर लिहिले आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. १ लिटर रंग १० चौरस मीटर जागेला एकदा पुरतो. एकदा लावण्याला रंगारी 'एक हात' म्हणतात. जमिनीला निदान दोन हात लागतात. म्हणून त्याच जागेचा हिशेब दोनदा करायचा.

दुसरी गोष्ट. डब्यावरचा आकडा गुळगुळीत जागेचा असतो. आपला कोबा तसा असेलच असे नाही. घोटाई चांगली झालेला कोबा कमी रंग पितो. खरखरीत, जुना, खडे उघडे पडलेला कोबा जास्त पितो. एक जुने जाणते रंगारी आम्हाला म्हणाले, "पह्यला हात जमीन पेते, दुसरा हात डोयाले दिसते." बोलणे अगदी खरे आहे.

जमिनीलाच विचारा

मग आपली जमीन किती रंग पिणार हे कसे समजावे? यावर सोपा उपाय आहे. तो जमिनीलाच विचारावा.

आधी एक लिटरचा लहान डबा आणा. खोलीचा एक कोपरा झाडून, पुसून, कोरडा करून घ्या. पाव लिटर रंग मोजून वेगळा काढा. ज्या ब्रशने किंवा रोलरने पुढे काम करायचे आहे त्यानेच तो लावा. रंग संपला की थांबा. किती जागा झाली ती टेपने मोजा.

समजा, पाव लिटरमध्ये २ चौरस मीटर जागा झाली. मग पूर्ण लिटरमध्ये चारपट, म्हणजे ८ चौरस मीटर होईल. पहिल्या हाताचा आपला खरा आकडा ८ आहे. डब्यावरचा १० आकडा पहिल्या हाताला चालणार नाही.

रंग डब्यावर सांगितला आहे तेवढा वेळ सुकू द्या. मग त्याच जागेवर दुसरा हात द्या. आता जमीन तहानलेली नसते. याही वेळी पाव लिटरच घ्या. रंग त्या २ चौरस मीटरला पुरून थोडा उरेल. उरलेला शेजारी लावा आणि जागा मोजा. शेजारची जागा पहिल्या हाताची असते, तेव्हा ती थोडा जास्त रंग घेईल, हे लक्षात ठेवा. यावरून दुसऱ्या हाताचा आकडा कळतो. आपण तो १० धरू.

हा रंग वाया जात नाही. तो कोपरा तर रंगवायचाच होता. शिवाय रंगाची छटा पसंत आहे की नाही तेही सगळ्यांना आधीच पाहायला मिळते.

पूर्ण हिशेब

आता वही उघडा.

जागा: ३३ चौरस मीटर.

पहिला हात: ३३ भागिले ८. उत्तर ४ लिटर आणि वर थोडे. सव्वाचार लिटर धरा.

दुसरा हात: ३३ भागिले १०. उत्तर ३.३ लिटर. साडेतीन लिटर धरा.

दोन्ही हात मिळून पावणेआठ लिटर.

थोडा रंग रोलरला चिकटून राहतो. थोडा डब्याच्या तळाशी राहतो. थोडा सांडतो. त्यासाठी दहावा हिस्सा वर धरावा. पावणेआठचा दहावा हिस्सा सुमारे पाऊण लिटर.

पावणेआठ आणि पाऊण मिळून साडेआठ लिटर.

हा आपला आकडा. रंगारी म्हणाला होता बारा. चिटणीस म्हणाला होता आठ. दोघेही आपापल्या परीने चांगलेच बोलत होते. पण वही म्हणते साडेआठ, आणि वहीशी कोणाचे भांडण होत नाही.

आता खरेदी. ४ लिटरचे दोन डबे आणि १ लिटरचा एक. नमुन्यासाठी आणलेला लहान डबा यातच धरावा. झाले ९ लिटर. ४ लिटरचा एक डबा सगळ्यात शेवटी उघडावा. न उघडलेला डबा परत घेणार का, हे दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावे आणि पावती जपावी. कधी कधी १० लिटरचा मोठा डबा लहान डब्यांपेक्षा स्वस्त पडतो. तेव्हा डब्याच्या किमतीला लिटरने भागावे. एका लिटरला काय पडले ते पाहावे आणि मगच ठरवावे.

डब्यावर बॅच नंबर असतो. सगळे डबे एकाच नंबरचे घ्यावेत. तसे न मिळाले तर रंग एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळून घ्यावा. मग खोलीत ठिगळ दिसत नाही.

काही रंगांखाली अस्तर लागते. अस्तराचा डबा वेगळा, त्याचा आकडा वेगळा. त्याचा हिशेबही याच रीतीने वेगळा करावा. काही रंग दोन डब्यांत येतात. लावायच्या वेळी ते एकमेकांत मिसळतात. इपॉक्सी हा असाच रंग आहे. तो एकदा मिसळला की थोड्या वेळात घट्ट होतो. म्हणून लागेल तेवढाच मिसळावा.

पातळ करून पुरवू नये

कोणी म्हणेल, "एवढा हिशेब कायले करता? कमी पडला तर थिनर घालू." हे बोलणे दुधात पाणी घालण्यासारखे आहे. भांडे भरते, पण दूध वाढत नाही.

हे कसे ते पाहा. १ लिटर रंग १० चौरस मीटर जागेवर पसरला की त्याचा ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढा होतो. रंगातला पातळ भाग उडून जातो. समजा निम्मा उडाला, तर मागे मिलिमीटरचा विसावा हिस्सा राहतो. डोक्याच्या बारीक केसाएवढी ही जाडी. एवढ्या पातळ सालीवर माणसे चालणार, खुर्च्या ओढल्या जाणार, मुले खेळणार. म्हणून तर दोन हात लागतात.

थिनर जास्त घातला तर रंग दूरवर पसरतो. पण थिनर उडून जातो, जमिनीवर राहत नाही. साल आणखी पातळ होते. दाराशी, जेथे पाय जास्त पडतात, तेथे रंग आधी झिजतो. डब्यावर जितके पातळ करायला सांगितले आहे तितकेच करावे. कोणी अर्ध्या रंगात काम करून देतो म्हणाला, तर समजावे की तो अर्धीच साल देणार आहे.

जमीन तयार आहे का?

हिशेब बरोबर असला तरी जमीन तयार नसेल तर रंग टिकत नाही. मग सगळा पैसा पोपड्यांबरोबर निघून जातो.

पहिले काम झाडण्याचे. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावला त्यांचा जन्म झाला. ज्या गावी जात तेथे आधी हातात झाडू घेत. रंगकामातही पहिला मान झाडूचाच आहे. धुळीवर रंग दिला तर तो धुळीला चिकटतो, जमिनीला चिकटत नाही. तेलाचे डाग असतील तर साबणाच्या पाण्याने घासून काढावेत. सुटलेला जुना रंग खरवडून काढावा.

दुसरे काम भेगा बुजवण्याचे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या कोब्याला भेगा पडतात. भेगा आधी भरून घ्याव्यात. नाही तर रंग भेगांत जातो आणि हिशेब चुकतो.

तिसरे काम ओल पाहण्याचे. नवा कोबा असेल तर निदान २८ दिवस थांबावे. जुन्या कोब्याचीही परीक्षा घ्यावी. हातभर लांब आणि हातभर रुंद प्लास्टिकचा कागद घ्या. हातभर म्हणजे दीड फूट. तो जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढा. आतून पाण्याचे थेंब दिसले, किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर जमिनीत ओल आहे. अशा जमिनीला रंग देऊ नये.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे. अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतली पुष्कळ गावे त्यात येतात. तेथील भूजल खारे आहे. खालून ओल आली की तिच्याबरोबर खार वर येतो. कोब्यावर पांढरी पूड दिसते. तिच्यावर रंग दिला तर तो पापुद्र्यांनी सुटतो. या गावांनी ओलीची परीक्षा चुकवू नये. पांढरी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. तो होईपर्यंत रंगाचे पैसे पेटीतच ठेवावेत.

वेळही पाहावी. पावसाळ्यात रंग सुकत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या जमिनीवर रंग नीट पसरायच्या आतच सुकतो आणि जास्त लागतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस या कामाला चांगले. रंग खोलीच्या आतल्या भिंतीपासून दाराकडे आणावा. दाराकडून सुरुवात केली तर रंगारी आतच अडकतो.

मुले बसणार असतील तर आणखी एक पाहावे. रंगात शिसे असेल तर ते मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांत शिसे किती असावे याचा नियम सरकारने २०१६ साली केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. तसे डब्यावर लिहिलेले असले पाहिजे. ते वाचूनच डबा घ्यावा.

मैदानावरच्या रेषा

वऱ्हाडाला खेळाची आवड आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून हे काम करीत आले आहे. काही गावांत शाळेपुढे सिमेंटचे व्हॉलीबॉल मैदान असते. त्यावर पांढऱ्या रेषा मारायच्या असतात. त्यासाठी रंग किती आणावा? विचारले तर कोणी ४ लिटर सांगतो, कोणी १० लिटर सांगतो. मैदान मोठे दिसते ना!

आपण मोजू. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. चारी बाजूंची रेषा ५४ मीटर. मधली रेषा ९ मीटर. दोन्ही अंगांच्या आतल्या दोन रेषा मिळून १८ मीटर. एकूण ८१ मीटर. रेषेची रुंदी ५ सेंटिमीटर. म्हणजे मीटरचा विसावा हिस्सा. ८१ ला २० ने भागा. उत्तर ४ चौरस मीटर आणि वर थोडे.

मैदान १६२ चौरस मीटरचे, पण रेषा फक्त ४ चौरस मीटरच्या! एका लिटरमध्ये ८ चौरस मीटर धरले तर एका हाताला अर्धा लिटर लागतो. दोन हातांना १ लिटर. सांडलवंड धरून १ लिटरचा एक आणि अर्ध्या लिटरचा एक डबा आणला की काम झाले. डोळ्याला मोठे दिसले म्हणून माल मोठा लागतो असे नाही.

वहीत लिहून ठेवा

काम झाले की वही मिटून टाकू नका. जागा किती होती, रंग किती आणला, किती लागला, किती उरला, हे लिहून ठेवा. पावत्या त्याच पानाला टाचून ठेवा. ते पान वाचनालयाच्या भिंतीवर लावा. ज्याला पाहायचे आहे त्याने पाहावे. ज्याला विचारायचे आहे त्याने विचारावे. रंगाऱ्यावर आळ येणार नाही आणि चिटणिसावरही येणार नाही.

चार वर्षांनी पुन्हा रंग द्यायची वेळ येईल. तेव्हा तुमच्या जागी दुसरी मंडळी असतील. तुमचे पान त्यांच्या कामी येईल.

पूर्वी हिशेब एकाच्या डोक्यात असे आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत. आता टेप तुमच्या हातात आहे, वही तुमच्यासमोर आहे. यापुढे कोणी म्हणाला, "एवढा रंग लागेल," तर त्याला मान द्या, बसायला द्या, चहा द्या. आणि मग म्हणा, "चला भाऊ, आपण मिळून मोजू."

स्वतः करून पाहा

१. अंगणवाडीची खोली १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. जमीन किती चौरस फूट? किती ब्रास?

२. त्याच खोलीला ६ इंचांचा पट्टा द्यायचा आहे. दार ४ फुटांचे आहे. पट्टा किती चौरस फूट होईल?

३. पाव लिटर रंगात दीड चौरस मीटर जागा झाली. एका लिटरमध्ये किती होईल?

४. तुमच्या घरातली एक खोली मोजा. घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. दोघांचे उत्तर जुळते का?